निसर्गवाटांवर कुत्रा फिरवणे

निसर्गवाटांवर कुत्रा फिरवणे म्हणजे जंगल, डोंगर, माळरान, समुद्रकिनारा किंवा संरक्षित क्षेत्र यांतून जाणाऱ्या पायवाटांवर पाळीव कुत्र्याला सोबत घेऊन चालणे. शहरातील रस्ता आणि निसर्गवाट यांत एक मूलभूत फरक आहे. निसर्गवाट ज्या भूमीतून जाते, ती वन्य प्राण्यांची चरण्याची, विसाव्याची आणि पिले वाढवण्याची जागा असते. अनेक ठिकाणी ती गुराख्यांच्या व शेतकऱ्यांच्या उपजीविकेचीही जागा असते. कुत्रा स्वभावाने कितीही शांत असला, तरी तेथील प्राण्यांच्या दृष्टीने तो शिकारीच असतो. यामुळे कुत्र्यासह होणाऱ्या पदभ्रमणाला अनेक देशांत कायदे, स्थानिक नियम आणि आचारसंहिता लागू आहेत.

या नियमांचा तपशील देशागणिक बदलत असला, तरी त्यांचा गाभा समान आहे: कुत्रा दोरीने अथवा अन्य खात्रीच्या मार्गाने ताब्यात ठेवणे, त्याची विष्ठा उचलून नेणे, वन्य प्राणी व पाळीव जनावरे यांपासून त्याला दूर ठेवणे आणि जेथे कुत्र्यांना मनाई आहे तेथे त्याला न नेणे. या सर्व बाबतींत जबाबदारी कुत्र्याची नसून त्याला घेऊन येणाऱ्या माणसाची मानली जाते.

पार्श्वभूमी

कुत्रा हा लांडग्यापासून माणसाळवला गेलेला प्राणी आहे. त्याचा माणसाशी सहवास किमान १४,००० वर्षांचा असल्याचे पुरातत्त्वीय पुरावे आहेत. शिकार, राखण आणि कळप हाकणे ही कामे त्याने दीर्घकाळ केली. आज घरात वाढलेल्या कुत्र्याला ही कामे करावी लागत नाहीत. परंतु वास घेणे, माग काढणे, पळणाऱ्या वस्तूचा पाठलाग करणे या मूळ प्रवृत्ती त्याच्यात कायम असतात. निसर्गवाटेवर या प्रवृत्तींना चालना मिळते. घराजवळच्या मैदानावर मालकाच्या हाकेला तत्काळ परतणारा कुत्रा ससा किंवा हरीण दिसताच ती हाक ऐकेलच, असे सांगता येत नाही.

करमणुकीसाठी निसर्गात पायी भटकण्याची प्रथा युरोप व उत्तर अमेरिकेत एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत रुजली. इंग्लंडमध्ये खासगी मालकीच्या डोंगराळ माळांवर सर्वसामान्यांना फिरता यावे, यासाठी १९३२ मध्ये किंडर स्काउट येथे सामूहिक प्रवेशाचे आंदोलन झाले. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा संमत झाला आणि १९५१ मध्ये ग्रामीण भागात वावरताना पाळावयाची आचारसंहिता, म्हणजे ‘कंट्री कोड’, प्रसिद्ध झाली. प्रवेशाचा हक्क आणि वर्तनाची मर्यादा या दोन गोष्टी अशा रीतीने एकत्र आल्या. आजही कुत्र्यांविषयीच्या नियमांची मांडणी याच सूत्राने होते: वाट सर्वांना खुली राहायची असेल, तर वाटेवर येणाऱ्यांनी तेथील जीवसृष्टीला आणि स्थानिकांना उपद्रव देता कामा नये.

वन्यजीवांवरील परिणाम

भीती आणि विस्थापन

कुत्र्याने प्राण्याला पकडले नाही म्हणजे हानी झाली नाही, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात कुत्र्याची केवळ उपस्थितीही परिणाम घडवते. कुत्रा दिसला किंवा त्याचा वास आला, की पक्षी चरणे थांबवतात, घरटे सोडून उडतात किंवा ती जागाच टाळू लागतात. घरट्यापासून दूर राहिलेल्या पक्ष्याची अंडी उन्हाने तापतात अथवा गारठतात, आणि उघड्यावर पडलेली अंडी व पिले कावळ्यांसारख्या भक्षकांच्या सहज हाती लागतात. कुत्रा पाच मिनिटांत पुढे निघून जातो. त्याचा परिणाम मात्र त्या विणीच्या हंगामापुरता टिकू शकतो.

ऑस्ट्रेलियात सिडनी शहराच्या परिसरातील वनांत झालेला आणि २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात वारंवार उद्धृत केला जातो. दोरीने बांधलेला कुत्रा घेऊन माणूस वाटेवरून गेला असता तेथे आढळणाऱ्या पक्ष्यांच्या जातींची संख्या सुमारे ३५ टक्क्यांनी आणि एकूण पक्ष्यांची संख्या सुमारे ४१ टक्क्यांनी घटल्याचे या अभ्यासात दिसून आले. केवळ माणूस चालत गेला असता झालेला परिणाम सामान्यतः याच्या निम्म्याहून कमी होता. जेथे कुत्रे नेहमी फिरवले जातात अशा वाटांवरील पक्षीही कुत्र्यांना सरावलेले आढळले नाहीत. दोरी कुत्र्याला पाठलागापासून रोखते, परंतु त्याच्या उपस्थितीचा परिणाम पूर्णपणे पुसत नाही, हा या अभ्यासाचा महत्त्वाचा निष्कर्ष आहे. काही संवेदनशील क्षेत्रांत बांधलेल्या कुत्र्यांनाही मनाई का असते, याचे उत्तर त्यातून मिळते.

अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील बोल्डर येथे कुत्र्यांना परवानगी असलेल्या आणि नसलेल्या वाटांची तुलना करण्यात आली. कुत्र्यांच्या वाटांलगत म्यूल हरणांचा वावर वाटेपासून किमान १०० मीटर अंतरापर्यंत कमी झालेला आढळला; लहान सस्तन प्राण्यांच्या बाबतीत हे अंतर सुमारे ५० मीटर होते. वाट जेमतेम एक मीटर रुंद असली, तरी तिचा प्रभावपट्टा त्याहून कितीतरी मोठा असतो, असा याचा अर्थ होतो.

जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना सर्वाधिक धोका असतो. रातवा, चंडोल, टिटवी, तित्तर यांची अंडी व पिले रंगाने मातीशी एकरूप होतात आणि धोका जवळ येताच निश्चल पडून राहतात. डोळ्यांनी शोध घेणाऱ्या शत्रूपुढे हा बचाव उपयोगी पडतो. वासावरून शोध घेणाऱ्या कुत्र्यापुढे तो बऱ्याचदा निष्फळ ठरतो.

प्रत्यक्ष शिकार: वाइटँगी येथील किवी

एक कुत्रा किती हानी करू शकतो, याचे सर्वांत परिचित उदाहरण न्यूझीलंडमधील आहे. उत्तर बेटावरील वाइटँगी वनात १९८७ मध्ये सुमारे ९०० किवी पक्षी असल्याचा अंदाज होता. तेथे किवींवर संशोधन सुरू असून २४ पक्ष्यांना रेडिओ-प्रेषक लावलेले होते. त्या वर्षी अवघ्या काही आठवड्यांत या २४ पैकी १३ पक्षी मारले गेले. जर्मन शेफर्ड जातीची एक मोकाट कुत्री याला कारणीभूत असल्याचे निष्पन्न झाले आणि तिला मारल्यानंतर हे सत्र थांबले. प्रेषक लावलेल्या पक्ष्यांतील मृत्यूच्या प्रमाणावरून त्या काळात एकूण सुमारे ५०० किवी मारले गेले असावेत, असा अंदाज संशोधकांनी बांधला.

किवी हा न उडणारा पक्षी आहे. उडणाऱ्या पक्ष्यांच्या छातीवर असतात तसे भक्कम स्नायू व हाडाचा कणा त्याला नसतो. त्यामुळे कुत्र्याने खेळता खेळता तोंडात हलकेच धरले, तरी त्याची छाती चिरडून तो मरतो. शिवाय त्याच्या शरीराचा वास तीव्र असल्याने कुत्र्यांना तो सहज सापडतो. म्हणून न्यूझीलंडमध्ये किवींच्या क्षेत्रात काम करणाऱ्या व शिकारी कुत्र्यांना किवीपासून दूर राहण्याचे विशेष प्रशिक्षण दिले जाते आणि त्याची ठरावीक काळाने पुन्हा चाचणी होते. या प्रशिक्षणामुळे धोका कमी होतो, संपत नाही. त्यामुळे प्रशिक्षित कुत्राही ताब्यात ठेवणे आवश्यकच मानले जाते.

विष्ठेचा परिणाम

जंगलात असंख्य प्राणी विष्ठा टाकतात, मग कुत्र्याच्या विष्ठेने काय बिघडते, असा प्रश्न नेहमी विचारला जातो. वन्य प्राणी त्याच परिसरात खातात आणि तेथेच विष्ठा टाकतात. पोषकद्रव्यांचे चक्र त्या परिसरातच पूर्ण होते. पाळीव कुत्रा मात्र घरी पोषणयुक्त खाद्य खातो आणि त्यातील नत्र व स्फुरद जंगलात आणून टाकतो. बेल्जियममधील गेंट शहराजवळच्या निसर्गक्षेत्रांत झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी दरवर्षी सुमारे ११ किलोग्रॅम नत्र आणि ५ किलोग्रॅम स्फुरद जमिनीत मिसळते. नापीक जमिनीत तग धरणाऱ्या दुर्मीळ वनस्पतींना असे खत मारक ठरते, कारण त्यावर पोसलेली जोमदार गवते व झुडपे त्यांना झाकून टाकतात. विष्ठा उचलल्यास स्फुरदाची भर जवळजवळ थांबते, तर नत्राची भर निम्म्याच्या आसपास येते; उरलेले नत्र मूत्रातून जाते.

रोगप्रसार

कुत्र्यांमधील काही रोग वन्य प्राण्यांना होतात. कॅनाइन डिस्टेंपर हा विषाणुजन्य रोग त्यांत महत्त्वाचा आहे. टांझानियातील सेरेंगेटी येथे १९९४ मध्ये या रोगाच्या साथीत सुमारे एक तृतीयांश सिंह दगावले. परिसरातील गावांतील पाळीव कुत्रे हा संसर्गाचा संभाव्य स्रोत मानला गेला. गुजरातमधील गीर अभयारण्यात २०१८ मध्ये झालेल्या सिंहांच्या मृत्यूंमध्येही याच विषाणूचा संसर्ग आढळला. रेबीज, पार्व्हो आणि लेप्टोस्पायरोसिस हे रोगही कुत्रा आणि वन्य प्राणी यांच्यात पसरू शकतात. लसीकरण हा याला प्रतिबंध करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. म्हणून अनेक ठिकाणी लसीकरण झालेल्या कुत्र्यालाच प्रवेश दिला जातो.

गोचीड व पिसवा यांसाठी कुत्र्याच्या त्वचेवर लावली जाणारी काही औषधे, उदाहरणार्थ फिप्रोनिल आणि इमिडाक्लोप्रिड, मुळात कीटकनाशके आहेत. इंग्लंडमधील नद्यांच्या पाण्यात ती आढळली आहेत. औषध लावल्यानंतर लगेच कुत्रा ओढ्यात अथवा डबक्यात उतरल्यास जलचर कीटकांना अपाय होतो.

पाळीव जनावरे आणि शेतकरी

ज्या देशांत पायवाटा कुरणांतून जातात, तेथे कुत्र्यांनी मेंढ्यांचा पाठलाग करणे ही गंभीर समस्या आहे. चावा न घेताही नुकसान होते. भेदरलेल्या मेंढ्या कुंपणाच्या कोपऱ्यात एकमेकींवर कोसळून गुदमरतात, कड्यावरून पडतात आणि गाभण मेंढ्यांचा गर्भपात होतो. कुत्र्याच्या विष्ठेतून पसरणाऱ्या निओस्पोरा या परजीवीमुळे गायींचा गर्भपात होतो. त्यामुळे चराऊ जमिनीवर पडलेली विष्ठा हा शेतकऱ्याच्या दृष्टीने केवळ स्वच्छतेचा प्रश्न राहत नाही.

ब्रिटनमध्ये १९५३ च्या कायद्यानुसार शेतजमिनीवरील पशुधनाला त्रास देणाऱ्या कुत्र्याचा मालक गुन्ह्यास पात्र ठरतो. १९७१ च्या प्राणीविषयक कायद्यानुसार इंग्लंड व वेल्समध्ये पशुधनाच्या रक्षणासाठी अन्य मार्ग नसताना शेतकऱ्याने कुत्र्याला ठार केल्यास दिवाणी दाव्यात तो बचाव मांडू शकतो. मात्र घटना ४८ तासांच्या आत पोलिसांना कळवावी लागते. नियमभंगाची किंमत अखेर कुत्र्याला प्राणाने मोजावी लागू शकते, हे या तरतुदीतून स्पष्ट होते.

गायींच्या बाबतीत धोका उलट दिशेनेही असतो. वासरे सोबत असलेल्या गायी कुत्र्याला शत्रू मानून चाल करून येतात आणि दोरी हातात असल्यामुळे माणूसही त्यांच्या तावडीत सापडतो. अशा प्रसंगी दोरी सोडून द्यावी, असा सल्ला ब्रिटनमधील आचारसंहिता देते. कुत्रा वेगाने निसटू शकतो. माणसाला ते जमत नाही. दोरीच्या नियमाला असलेला हा महत्त्वाचा अपवाद आहे.

विविध देशांतील नियम

इंग्लंड व वेल्स: २००० च्या कायद्याने खुल्या केलेल्या डोंगराळ व माळरान क्षेत्रांत १ मार्च ते ३१ जुलै या विणीच्या काळात कुत्रा दोन मीटरपेक्षा अधिक लांब नसलेल्या दोरीने बांधलेला असणे बंधनकारक आहे. पशुधनाजवळ हा नियम वर्षभर लागू असतो.

स्कॉटलंड: २००३ च्या भूसुधारणा कायद्याने जवळजवळ सर्व मोकळ्या जमिनींवर फिरण्याचा हक्क दिला आहे. कुत्रा योग्य ताब्यात असेल, तरच त्याच्यासह फिरणाऱ्याला हा हक्क मिळतो.

नॉर्वे व स्वीडन: नॉर्वेत १ एप्रिल ते २० ऑगस्ट या काळात कुत्रे बांधून अथवा तितक्याच खात्रीने ताब्यात ठेवावे लागतात. स्वीडनमध्ये १ मार्च ते २० ऑगस्ट या काळात वन्य प्राणी असलेल्या भागांत त्यांना मोकळे धावू देता येत नाही. दोन्ही देशांत निसर्गात मुक्तपणे वावरण्याची जुनी परंपरा असूनही ही बंधने आहेत.

जर्मनी: नियम राज्यांनुसार वेगळे आहेत. लोअर सॅक्सनी राज्यात १ एप्रिल ते १५ जुलै या काळात मोकळ्या निसर्गक्षेत्रात कुत्रा बांधून ठेवावा लागतो.

अमेरिका: राष्ट्रीय उद्यान सेवेच्या क्षेत्रांत दोरीची कमाल लांबी सहा फूट आहे. प्रवेशाचे नियम मात्र प्रत्येक उद्यानाचे निराळे असतात. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात पायवाटांवर कुत्र्यांना मनाई आहे. अकेडिया राष्ट्रीय उद्यानात सुमारे १०० मैल लांबीच्या पायवाटा त्यांना खुल्या आहेत.

न्यूझीलंड: राष्ट्रीय उद्यानांत पाळीव कुत्र्यांना सामान्यतः प्रवेश नाही. अंध व्यक्तींच्या मार्गदर्शक कुत्र्यांसारखे साहाय्यक कुत्रे या बंदीतून वगळले आहेत.

जबाबदार वर्तनाची तत्त्वे

दोरी: बहुतेक आचारसंहितांत सुमारे दोन मीटरची न ताणणारी दोरी सुचवली जाते. यंत्राने लांब-आखूड होणारी दोरी अरुंद वाटेवर झुडपांत अडकते आणि अचानक झेप घेणाऱ्या कुत्र्याला वेळेत रोखता येत नाही. चढउताराच्या वाटेवर गळपट्ट्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा अधिक सुरक्षित असतो, कारण त्यामुळे झटका बसला तरी गळ्यावर ताण येत नाही.

वाट न सोडणे: माणूस आणि कुत्रा दोघेही आखलेल्या वाटेवरच राहिल्यास उपद्रवाचा पट्टा मर्यादित राहतो. वाटेवरून ठरावीक दिशेने जाणाऱ्यांपेक्षा वाट सोडून अनपेक्षितपणे येणाऱ्यांमुळे वन्य प्राणी अधिक बिथरतात.

विष्ठा: विष्ठा पिशवीत भरून, पिशवीचे तोंड बांधून, कचरापेटी मिळेपर्यंत सोबत न्यावी. परतीच्या वाटेवर उचलू या विचाराने पिशवी वाटेच्या कडेला ठेवणे किंवा झाडाला अडकवणे हा अनेक देशांतील निसर्गवाटांवरील परिचित उपद्रव आहे. अशा विसरलेल्या पिशवीमुळे विष्ठेसोबत प्लास्टिकचीही भर पडते. ‘विघटनशील’ म्हणून विकली जाणारी पिशवीही जंगलात दीर्घकाळ तशीच पडून राहू शकते.

इतर वाटसरू: समोरून माणसे आल्यास कुत्र्याला आखूड धरून वाटेच्या कडेला थांबावे. लहान मुले, कुत्र्यांना भिणारी माणसे, घोडेस्वार आणि चढ चढणारे यांना आधी जाऊ द्यावे. ‘माझा कुत्रा चावत नाही’ हे आश्वासन समोरच्या व्यक्तीची भीती घालवत नाही आणि तिच्या संमतीची जागाही घेत नाही. दोरीने बांधलेला दुसरा कुत्रा दिसल्यास त्याच्या मालकाला विचारल्याशिवाय आपला कुत्रा जवळ नेऊ नये.

पूर्वतयारी: वाटेवर कुत्र्यांना परवानगी आहे का, हंगामी बंदी आहे का, पाणी मिळते का, याची चौकशी आधी करणे अपेक्षित असते. बोलावताच परत येण्याचे शिक्षण कुत्र्याला निसर्गवाटेवर नेण्यापूर्वीच दिलेले असावे. गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक असावा.

कुत्र्याची सुरक्षा

कुत्र्याला माणसाप्रमाणे सर्वांगाने घाम येत नाही. शरीर थंड ठेवण्यासाठी तो मुख्यतः धापा टाकण्यावर अवलंबून असतो. त्यामुळे दमट उष्ण हवेत त्याला उष्माघात लवकर होतो. पग आणि बुलडॉग यांसारख्या आखूड नाकाच्या जातींना हा धोका विशेष असतो. अति लाळ गळणे, लडखडणे, हिरड्या गडद लाल होणे, उलटी ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कुत्र्याला सावलीत नेऊन अंगावर साधे गार पाणी ओतावे, वारा घालावा आणि शक्य तितक्या लवकर पशुवैद्याकडे न्यावे. अनेक कुत्रे मालकाच्या मागे थकव्याची पर्वा न करता चालत राहतात. त्यामुळे थांबण्याचा निर्णय माणसानेच घ्यावा लागतो.

तापलेल्या कातळावर पंजे भाजतात. खडकावर तळहाताची मागची बाजू काही सेकंद टेकवून पाहणे ही सोपी चाचणी आहे. हाताला सहन होत नसेल, तर पंजांनाही ते सोसणार नाही. चालून आल्यावर कान, काखा आणि बोटांच्या बेचक्या तपासून गोचिडी काढाव्यात, कारण गोचिडींमुळे कुत्र्यांना रक्तातील परजीवींचे गंभीर आजार होतात. सापाने दंश केल्यास जखम कापणे किंवा घट्ट आवळून बांधणे टाळावे आणि कुत्र्याला उचलून, शक्य तितकी हालचाल टाळत पशुवैद्याकडे न्यावे.

महाराष्ट्रातील स्थिती

भारतात निसर्गवाटांवर कुत्रा नेण्याविषयी स्वतंत्र कायदा नाही. वेगवेगळ्या कायद्यांतील तरतुदी लागू होतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांतील प्रवेश नियंत्रित असून तेथे पाळीव कुत्रे नेण्यास सामान्यतः परवानगी नसते. या अधिनियमातील शिकारीच्या व्याख्येत केवळ ठार मारणे येत नाही. वन्य प्राण्याला हुसकावणे आणि पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे याही कृतींचा तीत समावेश होतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाला धोका पोहोचू नये, याची पुरेशी काळजी न घेणे हा गुन्हा आहे.

सह्याद्रीतील किल्ले आणि पुण्यातील वेताळ टेकडी, तळजाई यांसारख्या शहरालगतच्या टेकड्या ही कुत्र्यांसह फिरण्याची नेहमीची ठिकाणे आहेत. शहरी टेकड्या वरकरणी उद्यानासारख्या वाटल्या, तरी तेथे मोर, ससे, मुंगूस आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी राहतात. टिटवी, रातवा, चंडोल यांच्या विणीचा बराचसा काळ उन्हाळ्यापासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत असतो, आणि पहिल्या पावसानंतर टेकड्यांवर व गडांवर गर्दी वाढते ती याच सुमारास. युरोपात याच कारणासाठी असलेल्या हंगामी बंधनांसारखा सर्वसाधारण नियम महाराष्ट्रात नसल्यामुळे या काळात कुत्रा बांधून नेणे हे मालकाच्या विवेकावर अवलंबून राहते.

माळरानांवर हा प्रश्न अधिक नाजूक आहे. सोलापूरजवळील नान्नज, कर्जत तालुक्यातील रेहेकुरी आणि बारामती तालुक्यातील मयूरेश्वर ही अभयारण्ये अनुक्रमे माळढोक, काळवीट व चिंकारा यांच्यासाठी ओळखली जातात. संरक्षित क्षेत्रांबाहेरच्या माळांवरही लांडगा, खोकड आणि धाविक पक्षी आढळतात. लांडगा आणि कुत्रा यांच्यात संकर होऊ शकतो व पुणे परिसरातील माळरानांवर अशा संकराचे जनुकीय पुरावे मिळाले आहेत. यात मुख्य वाटा मोकाट कुत्र्यांचा असला, तरी निर्बीजीकरण न केलेला पाळीव कुत्रा मोकळा सोडल्यास त्यात भरच पडते.

सह्याद्रीत आणि त्याच्या पायथ्याच्या शेतशिवारात बिबट्याचा वावर आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला असता त्यांच्या आहारातील जैवभाराचा सुमारे ३९ टक्के भाग पाळीव व मोकाट कुत्र्यांचा असल्याचे आढळले. अशा भागात संध्याकाळी, रात्री किंवा पहाटे मोकळा फिरणारा कुत्रा बिबट्याचे सहज भक्ष्य ठरतो आणि त्यामुळे बिबट्या माणसाच्या निकट येण्याचा धोकाही वाढतो.

महाराष्ट्रातील डोंगरवाटांवर आणखी काही गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात. गडांवरील खडकात खोदलेली पाण्याची टाकी हा ग्रामस्थांचा आणि दुर्गभ्रमण करणाऱ्यांचा पिण्याच्या पाण्याचा स्रोत असतो. कुत्र्याला त्यात उतरू न देता भांड्यात पाणी काढून द्यावे. गडावरील मंदिरे, मुक्कामाच्या गुहा आणि देवराया यांबाबत स्थानिकांचे संकेत पाळावेत. धनगरांच्या मेंढ्यांच्या कळपासोबत राखणीचे कुत्रे असतात आणि ते परक्या कुत्र्यावर धावून जातात. कळप दिसताच दुरून वळसा घालणे किंवा मेंढपाळाला हाक देऊन थांबणे हिताचे असते. कड्यांवरील आग्या मोहोळांच्या खाली कुत्र्याला भुंकू देणे धोक्याचे ठरते. फुरसे, घोणस आणि चापडा हे विषारी साप वाटेलगतच्या दगडांत व झुडपांत असतात आणि नाक खुपसून वास घेणाऱ्या कुत्र्याला बहुधा तोंडावर दंश होतो. कळसूबाई, रतनगड यांसारख्या ठिकाणी लोखंडी शिड्या चढाव्या लागतात. कुत्र्याला उचलून नेण्याची सोय नसल्यास अशा वाटा त्याच्यासाठी योग्य नाहीत.

पायथ्याच्या गावातील कुत्री अनेकदा पदभ्रमण करणाऱ्यांसोबत गडावर येतात. ही सोबत हवीशी वाटली, तरी वाटेत त्यांना खाऊ घालत नेल्यास ती आपल्या वस्तीपासून दूर जंगलात पोहोचतात आणि तेथे उरलेल्या अन्नावर व लहान वन्य प्राण्यांवर गुजराण करू लागतात. परतताना त्यांना गावापर्यंत सोबत आणणे आणि गडावर खरकटे न टाकणे हे याबाबत साधे पण उपयुक्त उपाय आहेत.

मतभेद आणि पर्याय

कुत्र्यांवरील बंधने कितपत असावीत, याविषयी एकमत नाही. कुत्र्याला मोकळे धावण्याची शारीरिक व मानसिक गरज असते, कुत्रा पाळणारी माणसे त्याच्यामुळे नियमित चालतात आणि निसर्गाशी त्यांचे नाते टिकते, असे बंधनांचे विरोधक म्हणतात. एका ठिकाणी बंदी घातल्यास गर्दी शेजारच्या, कदाचित अधिक संवेदनशील जागी सरकते, हाही एक मुद्दा आहे. संवर्धनाच्या बाजूने असे सांगितले जाते की, एकेका मालकाला आपला कुत्रा निरुपद्रवी वाटत असला, तरी दिवसभरात त्याच वाटेने शेकडो कुत्रे गेल्यावर होणारा एकत्रित परिणाम कोणत्याही एका मालकाच्या नजरेस पडत नाही.

दोन्ही बाजूंची सांगड घालण्याचे काही प्रयोग झाले आहेत. बोल्डर येथे ठरावीक वाटांवर कुत्र्याला दोरीविना नेण्याची मुभा आहे. त्यासाठी मालकाला प्रशिक्षण घेऊन विशेष बिल्ला मिळवावा लागतो आणि कुत्रा सतत नजरेच्या व हाकेच्या टप्प्यात ठेवावा लागतो. इंग्लंडमधील थेम्स खोऱ्यातील झुडपी माळरानांवर रातवा, वूडलार्क आणि डार्टफर्ड वॉर्बलर हे जमिनीवर किंवा जमिनीलगत घरटी करणारे पक्षी आहेत. त्यांच्या संरक्षणासाठी या क्षेत्रापासून ४०० मीटरच्या आत नवी घरे बांधण्यास सामान्यतः परवानगी मिळत नाही. त्यापलीकडे पाच किलोमीटरपर्यंत नवी वस्ती उभारताना रहिवाशांसाठी पर्यायी मोकळ्या नैसर्गिक जागांची तरतूद करावी लागते. घराजवळ कुत्रा मोकळा सोडता येईल अशी प्रशस्त जागा मिळाली, तर संवेदनशील माळरानावर त्याला नेण्याची गरज कमी होते, असा यामागील विचार आहे. शहरालगतच्या टेकड्यांवर कुत्र्यांची वर्दळ वाढत असलेल्या महाराष्ट्रातील शहरांसाठीही हा मार्ग विचारात घेण्याजोगा आहे.